खारघरचा मॅग्नेटोमीटर आणि आर्क्टिकचा आलेख जुळत नाही

पांडवकडा
कॉलेजच्या प्रकल्पासाठी खारघरला सोसायटीच्या गच्चीवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा आरएम३१०० सेन्सर बसवलाय, सेकंदाला एक नोंद. तुलनेला स्वालबार्डमधल्या नी-आलेसुंदचा आलेख घेतला, आपलं हिमाद्री केंद्र आहे तिथला. तिथे चुंबकीय वादळात (सूर्याकडून आलेल्या झोतांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं तेव्हा) शेकडो नॅनोटेस्लाचे (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खड्डे पडतात. इथे दिवसभर नुसते करवतीचे दाते. सेन्सर खराब आहे का?

कळवा_खाडी
सेन्सर नाही, जागा खराब आहे. लिफ्टचं लोखंडी काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) खाली-वर होतं, तेच ते दाते. ट्रामची वीज येणार, तिने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली, मग गच्चीचं काय घेऊन बसलात!

बागेच्या कोपऱ्यात मीटरभर खोल पीव्हीसी पाइपमध्ये पुरा, वरून झाकण. उन्हाने सेन्सरचा आकडा सरकतो, म्हणून एवढं खोल. शेजारी तापमानाची नोंदही ठेवा. स्क्रू पितळेचेच. पार्किंगपासून जमेल तितकं लांब: अंतर दुप्पट केलं की मोटारीचा परिणाम एक-अष्टमांशावर येतो. सायकल काउंट (एका मोजणीतली आवर्तनं) ४०० ठेवलात तर एक काउंट, म्हणजे आकड्याची सगळ्यात लहान पायरी, सुमारे ६.७ नॅनोटेस्ला, म्हणून मिनिटाच्या ६० नोंदींची सरासरी घ्या. केबल लांबली की आयटूसी (सेन्सरचे आकडे पाठवायची पद्धत) अडखळतं, सिग्नल लांब नेणारा एक्स्टेंडर लावा.

वाशी_ते_अलिबाग
जागा सुधारली तरी आलेख तसा दिसणार नाही, आणि दिसू नये. तिकडचे खड्डे साधारण १०० ते ११० किमी उंचीवरून वाहणाऱ्या ध्रुवीय विद्युतप्रवाहाचे, मिनिटांत उसळणारे. आपल्याकडे वादळात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक काही तासांत खचतो आणि सावरायला दिवस घेतो, कारण तो पृथ्वीभोवतीच्या हजारो किलोमीटर दूरच्या वलयप्रवाहाचा, म्हणजे कड्यासारख्या विद्युतप्रवाहाचा, परिणाम. शांत दिवशी दुपारच्या आसपास दोन आकडी नॅनोटेस्लाचा फुगवटा दिसला की समजा सेन्सर नीट चाललाय. तुलना आधी अलिबागशी करा, इंटरमॅग्नेटवर (जगभरच्या चुंबकीय वेधशाळांचं जाळं) एबीजी या नावाने मिनिटागणिक आकडे मिळतात. ९९९९९ म्हणजे नोंद नाही. ते न गाळता सरासरी काढली तर सगळं वाया.

पांडवकडा
घड्याळ बरोबर आहे हे कसं तपासायचं?

वाशी_ते_अलिबाग
वादळाच्या सुरुवातीचा झटका जगभर जवळपास एकाच मिनिटात उमटतो. १० मे २०२४ चा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १७:०५ च्या सुमारास होता, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०:३५. पुढचा असा झटका अलिबागच्या नोंदीत शोधा आणि तुमच्या फाइलशी ताडा. साडेपाच तासांचा फरक निघाला तर नोंदी भारतीय वेळेत जाताहेत. लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) यूटीसीवरच ठेवा.