भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं मेंटेनन्स बिल: नॉन ऑक्युपन्सी आणि व्याज कसं तपासायचं?

पाचवामजला: ठाण्यातली नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था, फ्लॅट भाड्याने दिलेला. तिमाही बिल असं: सेवाशुल्क ६,०००, दुरुस्ती निधी २,२५०, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) ७५०, पाणी ९००, नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) २,४००. एकूण १२,३००. मालमत्ता कर ज्याचा त्याने भरायचा. मागचं बिल थकलं म्हणून २१ टक्के व्याज लागलं आणि आता त्या व्याजावरही व्याज लावलंय. वाद मिटेपर्यंत पैसे थांबवले तर चालेल का?

जमाखर्च: पैसे थांबवू नका. आधी आकडे बघू.

नॉन ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. टक्केवारी फक्त सेवाशुल्कावर काढायची, एकूण बिलावर नाही. म्हणजे तुमचे ६०० होतात, १,८०० जादा लावलेत. दरमहा ८०० असा ठोक आकडा सभेत मंजूर झाला असला, तरी ठरावाने ही मर्यादा ओलांडता येत नाही.

दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. तुमचे वर्षाचे ९,००० आणि ३,००० हे दोन्ही १२ लाखांच्या बांधकाम खर्चाशी जुळतात. फक्त हे १२ लाख कुठून आले ते विचारा. जागेची किंमत त्यात धरायची नसते आणि बऱ्याच ठिकाणी नेमकी इथेच गफलत होते, करारनाम्यातली किंमतच घेतली जाते.

व्याज सरळव्याजच. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे, खरा दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला हवा. दुरुस्त बिल १०,५०० धरलं तर तीन महिन्यांचं व्याज ५५१.२५, सहा महिन्यांचं १,१०२.५०. व्याजावर व्याज अजिबात नाही. अनेकदा हा सॉफ्टवेअरचा घोळ असतो: मागची शिल्लक व्याजासकट ‘थकबाकी’ म्हणून पुढे ओढली जाते आणि पुढचं व्याज त्या सगळ्यावर लागतं.

उंबरठा: भाडेकरूऐवजी आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण असे घरचेच राहत असतील तर नॉन ऑक्युपन्सी लागतच नाही. आणि हे सगळं सोसायटीपुरतं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर खर्च अविभक्त हिश्श्याच्या (सामायिक मालकीतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटतात, तिथे हा हिशेब लावू नका.

कलम१०१: पैसे थांबवण्याबद्दल. बिल मिळाल्यापासून किंवा देय तारखेपासून, जे नंतरचं असेल त्यापासून, तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर तुम्ही थकबाकीदार ठरता. समितीची निवडणूक लढवता येत नाही. सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करण्याच्या आदेशासाठी) अर्ज करू शकते (महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं पूर्वीचं कलम १०१, आता १५४ब-२९). दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करतानाच निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेव्हा वाद नसलेले पैसे आजच भरा आणि १,८०० व चक्रवाढ व्याजाबद्दल लेखी हरकत द्या. सोबत खातेउतारा आणि व्याजदराच्या ठरावाची प्रत मागा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका, पुढे उपनिबंधकांकडे जायची वेळ आली तर तीच कामी येते.

पाचवामजला: सोसायटीचं ॲप कमी रक्कम घेतच नाही, पूर्णच भरा म्हणतं.

जमाखर्च: मग ॲप सोडा, सोसायटीच्या बँक खात्यात एनईएफटी करा. शेऱ्यात फ्लॅट क्रमांक आणि बिल क्रमांक लिहा, नाहीतर रक्कम सस्पेन्स खात्यात (कुणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात) पडून राहते आणि तुमच्या नावावर थकबाकी दिसत राहते. त्याच दिवशी यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक) ईमेलने कळवा आणि कुठली रक्कम कुठल्या बिलापोटी भरली ते स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही तर सॉफ्टवेअर आलेले पैसे आधी व्याजात वळवतं आणि मुद्दल तसंच राहतं.