पोरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तिकडं तिची जर्मन खेळाडू परत पडली. पोरीला काय सांगू?

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार मंडळी. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की कोल्हापुरातल्या पाटाकडील आणि दिलबहार या क्लबांची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या बाजूला गाडी घालायची नाही. सगळं आयुष्य लेथवर गेलं. पोरगी मात्र फुटबॉलची खुळी. वय १५, मिडफिल्डला खेळते, गल्लीतल्या पोरांच्यात खेळूनच शिकली.

जूनमध्ये सरावाला बॉल घेऊन वळली आणि खाली बसली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. आतून 'कट्' असा आवाज आला म्हणाली. एमआरआय केला तर एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारी दोरी, पूर्ण तुटलेलं. जुलैमध्ये ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची दोरी काढून गुडघ्यात बसवली, असं डॉक्टरांनी मला माझ्या भाषेत समजावलं. त्यानंतर पोरीनं व्यायाम इतका इमानानं केला की मीच बघत बसायचो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. पहाटे साडेपाचला, गणपतीत आरती चालू असतानाही.

दिवाळीत कायतरी बातमी आली. ओबरडोर्फ नावाची जर्मनीची खेळाडू आहे, पोरीच्या कपाटाला आतून तिचा फोटो चिकटवलाय. तिचा गुडघा दुसऱ्यांदा गेला म्हणे. त्या दिवसापासून टॉवेल खुंटीवर आहे. विचारलं तर, "मी नाय करत आता. तिला जर्मनीत एवढे डॉक्टर असून फाटलं, मी तर उद्यमनगरात राहतो."

घरात आमची आई खूश आहे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणते. मला काही ते बरं वाटत नाही. ही बाई कोण, तिचं खरंच संपलं का, आणि पोरीशी काय बोलू, जाणकारांनी सांगावं.

रात्रीचा प्रेक्षक

काका, लेना ओबरडोर्फ. डिसेंबर २००१ चा जन्म, गाव गेवेल्सबर्ग. तुमच्या पोरीला ती का आवडते ते लगेच कळलं, कारण ही पण सोळाव्या वर्षापर्यंत पोरांच्या टीममध्येच खेळली. २०१८ ला एसेन क्लबकडून थेट बायकांच्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या वर्ल्ड कपमध्ये. १७ वर्षं १७१ दिवस वय होतं. जर्मनीकडून वर्ल्ड कपमध्ये इतक्या लहान वयात कुणी उतरलं नव्हतं, आधीचा विक्रम बिर्गिट प्रिन्झचा होता. प्रिन्झ म्हणजे तिकडची काय चीज आहे ते पोरीला विचारा.

२०२० ला वोल्फ्सबर्ग क्लबला गेली. तिथं लीगचं जेतेपद, जर्मन कप लागोपाठ. २०२३ ला चॅम्पियन्स लीगची फायनल खेळली, बार्सिलोनाविरुद्ध २-० पुढं असून ३-२ नं हरले. ती मॅच मी जागून बघितली, आजही पोटात कालवतं. त्याआधी २०२२ च्या युरोत (युरोपातल्या देशांची स्पर्धा) लंडनच्या वेम्बलीवर ८७ हजार लोकांसमोर इंग्लंडशी फायनल, ती पण हरली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू हीच ठरली.

गोल करणाऱ्यांतली नाही ती. बचावाच्या पुढं उभी राहून समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाकडं साधा पास द्यायचा, हे तिचं काम. अशा खेळाडूचं नाव पेपरात उशिरा येतं. गुडघा मात्र सगळ्यात आधी तिचाच झिजत असणार, सतत आडवं पडून बॉल काढायचा आणि जागच्या जागी वळायचं. (हे माझं मत, डॉक्टर नाही मी.)

१६ जुलै २०२४, ऑस्ट्रियाविरुद्धची मॅच. उजवा गुडघा. बायर्न म्युनिक क्लबशी नवा करार झालेला आणि त्यांच्या जर्सीत एक मॅचही खेळली नव्हती. पॅरिस ऑलिम्पिक गेलं. वर्षाहून जास्त काळ बाहेर बसली, २०२५ चा युरोही हुकला. मग परतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परत तोच गुडघा.

संपलं का? ऐन विशीतल्या पोरीबद्दल असं कोण म्हणेल?

शिवाजी पेठेतला पप्पू

पाटाकडीलची मॅच असताना गाडी दुसरीकडनं काढणारा माणूस कोल्हापुरात राहतो कसा, हा खरा विषय आहे 😄

पोरीला म्हणावं नाद करायचा नाय. बाकी मोठी लोकं बोलतील.

माजी स्टॉपर

दादा, मी करवीर तालुक्यात शाळेत खेळ शिकवते. स्वतः स्टॉपर, म्हणजे बचावात मधे, खेळायचे, एकविसाव्या वर्षी माझंही एसीएल गेलं. पाचव्या महिन्यात सूज नव्हती, दुखत नव्हतं, म्हणून निवडचाचणीला उतरले. विसाव्या मिनिटाला बाहेर. त्यानंतर खेळले नाही. आजही जिना उतरताना कठड्याला हात लागतो. त्यामुळं माझं थोडं कडू वाटलं तर सोडून द्या.

सगळ्यात आधी, नवीन बसवलेली दोरी हाडात मुरायला वेळ घेते, आणि दुखणं थांबणं म्हणजे ती तयार होणं नव्हे. नऊ महिन्यांच्या आत वळण्या-फिरण्याच्या खेळात उतरू नये असं आता सगळेच सांगतात. महिने भरले म्हणूनही उतरायचं नसतं. दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारायला लावून अंतर बघतात. मुलींचं एसीएल मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं, म्हणून उडी मारून खाली येताना गुडघा आत पडू न देणं हे वेगळं शिकवावं लागतं. तिला ते कुणी शिकवलं होतं का? मला तर कुणी नव्हतं शिकवलं.

दुसरं, ओबरडोर्फनं एवढी वाट बघूनही परत तुटलं, हे खरं आहे. पोरीपासून लपवू नका, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तिला जूलिया ग्विन विचारा. तीही जर्मनीची, बायर्नकडूनच खेळलेली. २०२० ला एसीएल, २०२२ ला परत एसीएल. आणि २०२४ ला पॅरिसच्या ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनविरुद्ध जर्मनीचा एकुलता एक गोल तिच्या पेनल्टीवर. ज्या ऑलिम्पिकला ओबरडोर्फ घरी बसली, तेच. नंतर ती जर्मनीची कॅप्टन झाली.

हेही तिला लगेच ऐकवू नका. आधी तिला बोलू द्या. ओबरडोर्फ मैदानात नेमकं काय करते, ते तिनं तुम्हाला शिकवावं. तुम्हाला खरंच माहीत नाही, तेवढं पुरेसं आहे.

आणि एक काम तुमच्याच हातातलं. दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर पेनानं खूण करायची आणि तिथं टेप लावायचा. ऑपरेशनचा पाय बारीक असतो. रविवारी रविवारी लिहून ठेवा.

उद्यमनगरचा टर्नर

ताई, आठवड्यानं लिहितोय.

परवा रात्री जेवण झाल्यावर विचारलं, ती ओबरडोर्फ नक्की कुठं उभी असते गं? आधी म्हणाली, तुम्हाला कळायचं नाय. मग स्वयंपाकघरातनं वाट्या आणल्या. चार वाट्या मागं, पुढं आणखी, आणि मधे एकच मिठाचा सट. "ही ओबी." मी म्हटलं एकटीच का? तर म्हणाली तोच तर विषय आहे बाबा, समोरचा पास देणार ते आधी ओळखून मिठाचा सट इकडं सरकतो. अर्धा तास चाललं. वेम्बलीची फायनल पूर्ण खेळून दाखवली. कॅप्टन पॉप वॉर्मअपमध्येच दुखावली म्हणून पुढची एक वाटी उचलून आईच्या मांडीवर ठेवली. आई म्हणाली, माझी चहाची वाटी आहे ती. मागुलच्या गोलनं बरोबरी झाली तेव्हा आईनंच विचारलं, मग जिंकले का?

ग्विनचं मी बोललोच नाही. तिनंच सांगितलं.

आज रविवार. मोजलं. डावा ४४.५, उजवा ४१.८. मी व्हर्नियरवाला माणूस, टेपवर विश्वास नाही, म्हणून तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा पोरगी म्हणाली, "बाबा, जॉब नाय तो, पाय हाय माझा."

टॉवेल खुंटीवरून खाली आलाय. उडी मारून खाली यायचं ते शिकवायला तुमच्याकडं कधी आणू, तेवढं सांगा.