शब्दचर्चा : नशीब, प्रारब्ध, नियती आणि ‘दिवस फिरणे’

विचारणा (स्नेहलतागंज, इंदूर)

एका हिंदी दीर्घकथेचा मराठी अनुवाद चालू आहे. नायक उतारवयात एका रात्री झोपतो आणि जागा होतो तो 1984 च्या ऑक्टोबरातल्या इंदुरात, ऐन तारुण्यात. पुढे काय घडलं ते सगळं त्याला आठवतंय आणि ते घडू नये म्हणून त्याची धडपड आहे. मूळ मजकुरात भाग्य, किस्मत, तकदीर, नियति, प्रारब्ध हे शब्द आलटून पालटून येतात. मराठीत प्रत्येकाला एकच ठरलेला शब्द ठेवावा का? शिवाय तीन वाक्यं अडली आहेत : ‘आख़िर उसके दिन फिरे’, ‘नियति को बदलने की चेष्टा’ आणि ‘उसने वह दिन फिर से जिया’. पहिल्याचं सध्या ‘अखेर त्याचे दिवस फिरले’ असं केलं आहे.

रामबागहून

ताई, पहिलं वाक्य आधी बदला, कारण अर्थ नेमका उलटा झाला आहे. हिंदीत दिन फिरतात म्हणजे चांगले दिवस येतात. ‘घूरे के भी दिन फिरते हैं’ (उकिरड्याचेही दिवस पालटतात) ही म्हण तिथूनच आली. मराठीत दिवस फिरले म्हणजे वाईट काळ आला. दैव फिरलं, ग्रह फिरले, काळ फिरला, घर फिरलं की वासे फिरतात : मराठीत या जातीचं जे जे फिरतं ते माणसाच्या विरुद्धच फिरतं. तुमच्या वाक्याला ‘अखेर त्याचे दिवस पालटले’ हवं. कथेच्या सुरात बसत असेल तर ‘त्याचं नशीब उघडलं’ किंवा ‘फळफळलं’. इंदुरात दोन्ही भाषा एकाच घरात बोलल्या जातात, त्यामुळे ही चूक कानाला खटकत नाही आणि छापून जाते. पुण्या-नागपूरचा वाचक मात्र त्या पानावर समजेल की नायकाचं वाटोळं झालं.

‘चेष्टा’ तशीच ठेवली तर नायक नियतीची टिंगल करतोय असा अर्थ होईल. ‘प्रयत्न’, ‘खटपट’, ‘धडपड’ यांतलं घ्या. ‘प्रयास’सुद्धा जपून वापरा, मराठीत त्यात कष्टाचा भार येतो (‘मोठ्या प्रयासाने’). याच गटातले आणखी तीन शब्द तपासून घ्या. ‘अतीत से शिक्षा ली’ असं कुठे असेलच. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, तिथे ‘धडा घेतला’. ‘अतीत’ मराठीत पलीकडचं (कालातीत, शब्दातीत) या अर्थी चालतो, गेलेल्या काळाला ‘भूतकाळ’ किंवा साधं ‘मागचं’. आणि ‘संयोग’ म्हणजे ‘योगायोग’.

सुदामानगरहून

प्रत्येक हिंदी शब्दाला एकच मराठी शब्द बांधू नका. त्याऐवजी मराठी शब्दांची त्यांच्या क्रियापदांशी असलेली जोडी सांभाळा. नशीब उघडतं, फळफळतं, फुटतं, अजमावता येतं. ‘पोरीनं नशीब काढलं’ असंही म्हणतात, म्हणजे नशिबावर माणसाची थोडीफार सत्ता चालते. दैव आड येतं, साथ देतं, फिरतं. भोग वाट्याला येतात आणि सरतात. प्रारब्ध भोगावं लागतं. नियतीच्या मनात काहीतरी असतं, नियती खेळ मांडते. मराठीत ती जवळजवळ एक व्यक्तीच आहे. ‘पोरीनं नियती काढली’ किंवा ‘प्रारब्ध फळफळलं’ असं कुणी म्हणत नाही.

आता ‘प्रारब्ध बदललं’ हे वाक्य तुमच्या मजकुरात दिसलं तर थांबा. वेदान्तात कर्माचे तीन भाग आहेत. संचित म्हणजे साठलेलं. प्रारब्ध म्हणजे त्यातलं जे फळ द्यायला लागलं आहे ते. शब्दाचा अर्थच मुळी ‘सुरू झालेलं’. क्रियमाण म्हणजे आत्ता होत असलेलं. ज्ञान झाल्यावर संचित नष्ट होतं, पण ज्याचं फळ सुरू झालं ते राहतं, हा ब्रह्मसूत्रांतला निर्णय (4.1.15). सुटलेला बाण हा त्यावरचा ठरलेला दाखला आहे. म्हणून प्रारब्धाचा क्षय भोगानेच, बदलून नाही. कथेत एखादं पात्र नायकाला सांगत असेल की तू काहीही कर, हे होणारच, तर त्या पात्राच्या तोंडी ‘प्रारब्ध’ शोभेल. नायकाच्या तोंडी शोभणार नाही.

त्याच्यासाठी ‘दैव’ जास्त उपयोगी आहे, आणि यामागे जुना आधार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात दैवाची व्याख्या अशी आहे : ‘तत्र दैवमभिव्यक्तं पौरुषं पौर्वदेहिकम्’. आधीच्या देहात केलेला पुरुषार्थच आता प्रकट झाला की त्याला दैव म्हणायचं. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात तर मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे एकमेकांशी झुंजतात आणि ज्याचं बळ जास्त तो जिंकतो. नायकाची झुंज स्वतःच्याच आधीच्या वागण्याशी असेल तर ‘दैव’ या शब्दात ती आयती सापडते.

‘संचित’ मात्र टाळा. ‘सांस्कृतिक संचित’ म्हणून तो आता ठेव्याच्या, चांगल्या अर्थाने रुळला आहे.

खजुरी बाजारहून

नशीब, किस्मत आणि भाग्य या तिन्हींच्या मुळाशी ‘वाटा’ आहे. अरबी नसीब म्हणजे हिस्सा (मराठीने त्याचा ‘स’ बदलून ‘श’ केला), किस्मत वाटणीवरून, आणि भाग्य भागावरून. तकदीर म्हणजे मोजून नेमून दिलेलं. तेव्हा ‘हेच माझ्या वाट्याला आलं’ असं साधं मराठी लिहून यांतले निम्मे शब्द वाचवता येतील. आजीच्या तोंडी कपाळ द्या : ‘कपाळात होतं’, ‘सटवाईनं लिहिलेलं चुकत नाही’. बाळाच्या पाचवीला किंवा सटीला पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात ती त्या लिहिण्यासाठीच. घरातल्या प्रसंगात ते दाखवता आलं तर ‘विधिलिखित’ या जड शब्दाची गरजच पडणार नाही.

‘भवितव्य’ इथे चालणार नाही. मुळात अर्थ ‘होणं भाग आहे ते’ असाच आहे, पण वर्तमानपत्रांनी त्याला साधं ‘पुढचे दिवस’ करून टाकलं (‘संघाचं भवितव्य’).

रामबागहून

खरा पेच नामांत नाही, क्रियापदांत आहे. 1984 साली इंदूरच्या राजवाड्याचा मोठा भाग आगीत गेला. नायक त्याआधी काही दिवस राजवाड्यासमोर उभा आहे असं धरा. तीन वाक्यं पाहा :

राजवाडा जळणार होता.
राजवाडा जळायचाच होता.
राजवाडा जळाला असता.

तिसऱ्यात तो वाचला हे नक्की. दुसऱ्यात लिखित आलं, ‘व्हायचं होतं ते झालं’ मधलं. टळण्याला वावच नाही. पहिलं वाक्य मात्र दोन्हीकडे उघडं आहे. ‘मी येणार होतो’ म्हटलं की ऐकणारा ‘पण…’ची वाट बघतो. तसंच इथे : आग लागणार हे नायकाला माहीत आहे, पण या खेपेला लागेल का, हे वाक्य सांगत नाही. ही कथा सगळी त्याच जागेत घडते आहे. म्हणून निवेदनात ‘-णार होता’ ठेवा, हताश पात्रांच्या बोलण्यात ‘-यचाच होता’, आणि ‘असता’ फक्त तेव्हाच जेव्हा घटना खरोखर टळली आहे. अनुवादात ही तिन्ही रूपं मिसळली की वाचकाला कळतच नाही की काय बदललं आणि काय नाही.

घटनेला ‘बदलणे’ शक्यतो लावू नका. अपघात टळतो, टाळतात किंवा चुकवतात, मरण चुकतं, गंडांतर टळतं. नशीब पालटतं. ‘अपघात बदलला’ हे मराठी नाही.

‘जिया’बद्दल : ‘तिने तो दिवस पुन्हा जगला’ असं लिहू नका, ‘ने’ हिंदीतून येतो. मराठीत जगणे अकर्मकासारखं चालतं, क्रियापद कर्त्याप्रमाणे फिरतं : ‘तो तो दिवस पुन्हा जगला’, ‘ती तेच आयुष्य पुन्हा जगली’. दोन ‘तो’ कानाला नको वाटले तर नायकाचं नाव घाला, किंवा ‘तो दिवस त्याच्या वाट्याला पुन्हा आला’.

विचारणा (स्नेहलतागंज)

आभार, बरंच सुटलं. पहिलं आयुष्य आणि हे दुसरं यांना काय म्हणावं? ‘मागचा जन्म’ लिहिलं होतं.

सुदामानगरहून

‘जन्म’ नको. पुनर्जन्मात देह बदलतो, इथे देह तोच, साल तेच. जुन्या गोष्टींत जवळचा म्हणजे योगवासिष्ठातला गाधी ब्राह्मण : पाण्यात एक बुडी मारतो तेवढ्यात चांडाळाच्या घरी जन्मून पुढे राजाही होतो, आणि नंतर त्या जागी जाऊन चौकशी केली तर सगळं खरं निघतं. पण तोही दुसऱ्याचं आयुष्य जगतो. स्वतःचंच आयुष्य पुन्हा, हे आपल्या जुन्या कथांत सहसा आढळत नाही, त्यामुळे तयार शब्द नाही. ‘कालचक्र’ युगांचं आहे, तेही नको.

‘खेप’ घ्या : ‘मागल्या खेपेला’, ‘या खेपेला’. बोलीतला आहे, तिसऱ्यांदा मागे गेला तरी पुरतो, आणि वाक्यात कुठेही बसतो. मजकुरात एकदा ‘आयुष्याची पहिली खेप’ असं स्पष्ट लिहिलं की पुढे नुसती ‘पहिली खेप’ चालेल. ‘फेरा’ शेवटासाठी राखून ठेवा. त्यात सुटका नसल्याची भावना आहे.

खजुरी बाजारहून

मुद्रितशोधनासाठी दोन गोष्टी. सुटा शब्द ‘नियती’, पण समासात ऱ्हस्व : ‘नियतिवाद’. तसंच ‘विधी’ आणि ‘विधिलिखित’. आणि ‘पश्चात्ताप’ला दोन ‘त’. हिंदी मजकुरात अनेकदा एकच असतो आणि तो तसाच उतरतो.