गच्चीवरून हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेषा टिपायची आहे. हॉर्नसाठी तेलाचा डबा चालेल का?

धायरीकर

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांना जो २१ सेंटीमीटरचा संदेश ऐकू येतो, तोच आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ ग्राहक) आणि पत्र्याचा हॉर्न (लहरी गोळा करणारे कर्ण्यासारखे तोंड) एवढ्या भांडवलावर घरच्या गच्चीवरूनही टिपता येतो, असे वाचल्यापासून हा प्रकल्प करून पाहायचे ठरवले आहे. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उदासीन हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की १४२०.४ मेगाहर्ट्झची, म्हणजे २१ सेंटीमीटर तरंगलांबीची लहर बाहेर पडते; तिलाच २१ सेंटीमीटरची रेषा म्हणतात. एकट्या अणूच्या वाट्याला हा प्रसंग सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांतून एकदा येतो, पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका अफाट आहे की ही लहर तिथून अखंड येत राहते.

माझा बेत असा आहे: १५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्याचा वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची नळी) करायचा, त्यापुढे पुठ्ठ्याला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून साधारण ७५ बाय ६० सेंटीमीटर तोंडाचा हॉर्न बसवायचा आणि आरजी-५८ केबल गच्चीवरून खालच्या मजल्यावरील खोलीपर्यंत आणायची. खर्चाचा हिशेब करता क्षीण संदेश कमी गोंगाटात वाढवणारा लो-नॉइज अॅम्प्लिफायर जड वाटतो आहे. तो वगळून तेच पैसे जुन्या बाजारातली एखादी मोठी जाळीची डिश घेण्यात घालावेत का? शिवाय शहराचा उजेड आणि आसपासचे मोबाइल टॉवर यांचा कितपत त्रास होईल, हेही जाणकारांनी सांगावे.

तरंगलांबी

उजेडाची चिंता सोडून द्यावी. २१ सेंटीमीटरच्या लहरीला ना रस्त्यावरचे दिवे आडवे येतात ना ढग. भर दुपारीही निरीक्षण करता येते. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी जगभर राखीव असल्यामुळे त्यात प्रक्षेपण करण्यास कोणालाच मुभा नाही. टॉवर त्रास देतात तो वेगळ्या वाटेने. त्यांचे ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे जोरकस संदेश अॅम्प्लिफायरला आणि डोंगलला भंडावून सोडतात आणि त्या गोंधळात मधला क्षीण संदेश हरवतो. त्यासाठी १४२० मेगाहर्ट्झचा फिल्टर लागतोच.

डब्याबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. तेलाच्या मोठ्या डब्याची बाजू साधारण २३ सेंटीमीटर असते. एवढ्या रुंद चौकोनी नळीत १४२० मेगाहर्ट्झची लहर एकाच नव्हे, तर अनेक मोडमध्ये (लहरीच्या मांडणीच्या निरनिराळ्या प्रकारांत) धावू लागते आणि संदेश उचलणाऱ्या तारेने, म्हणजे प्रोबने, नेमके काय उचलले याचा भरवसा राहत नाही. रंगाच्या दुकानात थिनरचा आयताकृती डबा मिळतो का पाहावे. टेपने मोजून आतली लांब बाजू १६ ते १७ आणि आखूड बाजू १० सेंटीमीटरच्या आसपास भरली, तर फक्त एकच मोड चालतो आणि काम सोपे होते. प्रोब म्हणजे पाच सेंटीमीटरहून किंचित जास्त लांबीची जाड तांब्याची तार. ती लांब बाजूच्या मध्यावर, बंद तळापासून सुमारे सात सेंटीमीटरवर, आतल्या बाजूस उभी राहील अशी बसवावी. टिनच्या पत्र्यावर सोल्डर व्यवस्थित बसते. अॅल्युमिनियमवर ते धरत नाही, म्हणून निदान डबा तरी टिनचाच असावा.

अॅम्प्लिफायर वगळण्याचा विचार कृपया करू नये. आरजी-५८ ची दहा मीटर केबल या वारंवारतेला निम्म्याहून कितीतरी अधिक संदेश गिळून टाकते, आणि केबलमध्ये एकदा गमावलेला संदेश पुढे कितीही वाढवला तरी गोंगाटही त्याच्याबरोबर वाढतो. त्यामुळे अॅम्प्लिफायर आणि फिल्टर ही जोडी प्रोबच्या कनेक्टरलाच, मध्ये केबलचा तुकडाही न घालता, जोडावी. ती तिथे बसली की खाली येणारी केबल साधी, केबल टीव्हीची आरजी-६ असली तरी चालते. मोठी डिश घेऊन ती नीट फिरवता न येण्यापेक्षा हॉर्न लहान ठेवून पैसे या पहिल्या टप्प्यावर घालणे केव्हाही श्रेयस्कर.

बोहरीआळी

वरील उत्तराशी सहमत आहे; भर घालायची ती हॉर्नच्या बांधणीबद्दल. पुठ्ठा आणि फॉइल कोरड्या दिवसांत ठीक आहे, पण गच्चीवरच्या वाऱ्यात एवढ्या तोंडाचा हॉर्न शिडासारखा फुगतो. जीएमआरटीच्या अँटेना भरीव पत्र्याच्या नसून स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या जाळीच्या आहेत आणि त्या जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत, कारण तरंगलांबीच्या मानाने भोक पुरेसे लहान असले की लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते. आपल्याला १० ते १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी पुरते. पुण्याच्या बोहरी आळीत ती कापून मिळते आणि लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर खिळवता येते. मात्र जाळी आणि डबा यांचा सांधा चहूबाजूंनी विजेच्या दृष्टीने जुळलेला असला पाहिजे, नाहीतर खालच्या जमिनीच्या उष्णतेचा रेडिओ गोंगाट त्या फटीतून आत शिरतो.

तोंडावर पॉलिथिनचा कागद ताणून बसवावा, लहरींना तो पारदर्शक असतो. १९५१ साली हॅरॉल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये ही रेषा पहिल्यांदा टिपली, तेव्हा त्यांचा प्लायवूड आणि तांब्याच्या पत्र्याचा हॉर्न खिडकीबाहेर आकाशाकडे तोंड करून होता आणि पाऊस आला की तो नरसाळ्याचे काम करून प्रयोगशाळेत पाणी सोडत असे. आपल्याकडच्या वळिवात तर काय होईल, ते सांगायला नको.

धायरीकर

दोघांचेही आभार. थिनरचा डबा मिळाला असून माप आतून १६.५ बाय १० भरते आहे. एक नवीच शंका उपस्थित झाली आहे: हॉर्न अजून जोडलेलाही नाही, डोंगलला नुसती तार लावली आहे, तरी १४२०.४ च्या अगदी शेजारी एक टोकदार शिखर दिसते. ते काय असावे?

हंसनिरीक्षक

ते हायड्रोजन नव्हे. बहुधा डोंगलच्याच, वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलमधून किंवा घरातल्या एखाद्या एलईडी दिव्याच्या सप्लायमधून आलेली खोटी रेषा आहे. तार काढून तिथे ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाऐवजी लावायचे बंद टोक) लावावा. शिखर तसेच राहिले तर दोष डोंगलचा, गेले तर घरातल्या एखाद्या उपकरणाचा. खरी रेषा सुईसारखी टोकदार नसते. वायूच्या निरनिराळ्या वेगांमुळे ती पसरट उंचवट्यासारखी दिसते, आणि आकाश सरकते तसा तिचा आकार पालटतो.

हॉर्न सज्ज झाला की प्रथम तो जमिनीकडे किंवा गच्चीच्या भिंतीकडे रोखून पाच मिनिटांची सरासरी घ्यावी, नंतर आकाशाकडे रोखून तेवढीच घ्यावी आणि दुसरीला पहिलीने भागावे. फिल्टरचा आणि डोंगलचा स्वतःचा चढउतार दोन्हींत सारखाच असल्यामुळे भागाकारात तो निघून जातो आणि मागे रेषा उरते. हे न करता कच्च्या आलेखात रेषा शोधत बसणाऱ्यांची निराशा होते, मग हॉर्न कितीही सुबक असो.

हॉर्न हलवण्याची घाई नसावी. पुण्याहून हंस तारकासमूह ऑक्टोबरात संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास उत्तरेकडे सुमारे ६८ अंशांवर येतो. तिथे हॉर्न रोखून ठेवावा आणि आकाशच ताशी १५ अंशांनी त्याच्यासमोरून सरकू द्यावे. या हॉर्नची दृष्टीच सुमारे २० अंश रुंद असल्याने मोबाइलमधले होकायंत्र आणि कोनमापक पुरेसे आहेत. हंसाच्या दिशेने मुख्य उंचवट्याखेरीज जास्त वारंवारतेच्या बाजूला आणखी उंचवटे दिसतात. ते आकाशगंगेच्या दूरच्या, आपल्याकडे येणाऱ्या भुजांचे असतात. जानेवारीत रात्री साडेदहा-अकराला जवळजवळ डोक्यावर येणारा सारथी आणि वृषभ यांमधला भाग पाहिला, तर तिथे मात्र एकच अरुंद उंचवटा मिळेल, कारण त्या दिशेला वायूची गती बहुतांशी आपल्या दृष्टिरेषेला आडवी असते.

वारंवारतेच्या सरकण्यावरून वायूचा वेग काढताना सेकंदाला एक किलोमीटर म्हणजे सुमारे ४.७४ किलोहर्ट्झ हे प्रमाण धरावे. साध्या डोंगलचे क्रिस्टल ५० पीपीएमने (दशलक्षात ५० भागांनी) चुकत असेल, तर केवळ त्यापायी सेकंदाला १५ किलोमीटरची चूक होते, म्हणून टीसीएक्सओ (तापमान बदलले तरी स्थिर राहणारे क्रिस्टल) असलेला डोंगलच वापरावा. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत असल्याने रेषा वर्षभरात मागेपुढे सरकते. ही दुरुस्ती केल्याशिवाय ऑक्टोबर आणि जानेवारीचे आलेख एकावर एक ठेवू नयेत.