पाच लिस्ट की एक क्लास? दूध संकलनाच्या नोंदी पायथनमध्ये

प्रश्न
संकलन केंद्राच्या प्रोग्रॅममध्ये पाच लिस्ट आहेत: सभासद क्रमांक, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). तिसरी नोंद हवी असेल तर पाचही लिस्टमधून इंडेक्स 2 घ्यावा लागतो. फॅटची लिस्ट उतरत्या क्रमाने लावली की बाकीच्या चार जागच्या जागी राहतात आणि एकाची फॅट दुसऱ्याच्या खात्यावर जाते. सगळे क्लास वापरा म्हणतात. डिक्शनरीने भागणार नाही का?

प्रतिसाद 1
दुखणं लिस्टच्या मांडणीतच आहे. एका कॅनची माहिती पाच ठिकाणी विखुरलेली आणि तिला जोडणारा धागा फक्त इंडेक्स. एक नोंद म्हणजे एक ऑब्जेक्ट करा, मग लिस्ट एकच उरते आणि सॉर्ट करताना अख्खी नोंद हलते.

डिक्शनरीने क्रम सांभाळला जाईल. पण एखाद्या नोंदीत एसएनएफ टाकायचा राहिला तर ते बिल काढताना ‘KeyError’ आल्यावरच कळेल. क्लासमध्ये ऑब्जेक्ट बनवतानाच टाइप एरर येते, म्हणजे चूक जिथे झाली तिथेच सापडते.

पायथन 3.7 पासून डेटाक्लास (नोंदींसाठी क्लास थोडक्यात लिहिण्याची सोय) आहे, तोच घ्या. क्लासच्या वर @dataclass हा डेकोरेटर लावा आणि आत एकेका ओळीत फील्डचं नाव व टाइप लिहा. इनिट (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन), छापण्यासाठीचं रेप्र आणि तुलना आपोआप तयार होतात. सॉर्टला ‘key’ म्हणून नोंदीची फॅट द्या आणि रिव्हर्स ट्रू ठेवा. रक्कम फील्ड म्हणून साठवू नका, प्रॉपर्टी करा, म्हणजे ती दर वेळी नव्याने मोजली जाते. नाहीतर लिटर दुरुस्त केल्यावर जुनीच रक्कम बिलात जाते.

प्रतिसाद 2
वरचं बरोबर आहे, पण टाइप लिहिला म्हणून पायथन तो तपासत नाही. सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलीतून) वाचलेलं सगळं स्ट्रिंग असतं, आणि स्ट्रिंग म्हणून ‘10.5’ हे ‘9.0’ पेक्षा लहान ठरतं. सॉर्ट चुकतो, एरर मात्र येत नाही. पोस्ट-इनिटमध्ये (इनिटनंतर आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) लिटर, फॅट, एसएनएफ फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलून घ्या. (फाइलमध्ये ‘३.५’ असे देवनागरी आकडे असले तरी फ्लोट ते घेतो.) रकमेसाठी डेसिमल (दशांश आकडे अचूक ठेवणारा प्रकार) वापरा.

दुसरा सापळा म्हणजे सभासदाच्या क्लासमध्ये नोंदींची लिस्ट. साध्या क्लासच्या अंगात रिकामी लिस्ट लिहिली तर ती सगळ्या सभासदांत एकच असते, एकाला जोडलेली नोंद सगळ्यांकडे दिसते. डेटाक्लास अशी लिस्ट डीफॉल्ट म्हणून दिल्यावर व्हॅल्यू एरर देऊन अडवतो. तिथे फील्डला डीफॉल्ट-फॅक्टरी म्हणून लिस्ट द्यायची, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची मिळते.

प्रश्नकर्ता
डेटाक्लास केला, सॉर्ट नीट झाला. आता दुरुस्तीआधीची नोंद ‘जुनी’ या नावात ठेवली आणि मूळ नोंदीत फॅट बदलली, तर ‘जुनी’मध्येही बदललेली दिसते. शिवाय दुबार नोंदी शोधायला सेट केला तर ‘अनहॅशेबल’ म्हणतो.

प्रतिसाद 1
हे चुकीनं नव्हे, नियमानंच होतंय: ‘=’ ने प्रत बनत नाही, त्याच ऑब्जेक्टला दुसरं नाव मिळतं. डेकोरेटरमध्ये फ्रोझन ट्रू करा, म्हणजे बनवलेली नोंद बदलता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी डेटाक्लासेस मॉड्यूलमधलं रिप्लेस वापरा. नवी नोंद मिळते, जुनी तशीच राहते. सेटही चालेल, कारण फ्रोझन नोंदीला हॅश (सेटला शोधण्यासाठी लागणारी संख्या) मिळतो. फक्त पोस्ट-इनिटमध्ये साधं असाइनमेंट आता चालणार नाही, म्हणून फ्लोटचं रूपांतर सीएसव्ही वाचणाऱ्या फंक्शनमध्ये हलवा.

प्रतिसाद 2
दुबार शोधायला मात्र अख्खी नोंद सेटमध्ये टाकू नका. तेच दूध पुन्हा तपासून फॅट 3.8 ऐवजी 3.9 लिहिली गेली तर सेटच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी. नोंदीत तारीख आणि दुधाचा प्रकार ही फील्ड वाढवा, मग तारीख, सत्र, सभासद क्रमांक, प्रकार यांचं टपल (न बदलणारी यादी) ही डिक्शनरीची ‘key’ करा. प्रकार वगळू नका, एकाच सत्रात गाईचं आणि म्हशीचं दूध घालणाऱ्याची दुसरी नोंद दुबार ठरेल.