मदत हवी आहे: पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे तक्रार कुणी केलीय का?
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ बाईक चोरीला गेली म्हणून तक्रार द्यायला पोलीस स्टेशनला गेला, तर तक्रार राहिली बाजूला, त्यालाच दोन तास बसवून ठेवलं आणि वर कानाखाली मारली, घरी आला तेव्हा गालावर बोटं उमटलेली, आई नुसती बघत राहिली. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सुप्रीम कोर्टाने अशा तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं, महाराष्ट्रात २०१४ च्या कायदा दुरुस्तीत ते आलं, एवढं वाचलंय. तिथे स्वतः कुणी गेलंय का? प्रतिज्ञापत्र, वकील लागतो का? आणि स्टेशनमधलं सीसीटीव्ही फुटेज, सुप्रीम कोर्टाच्याच २०२० च्या निकालाप्रमाणे किमान वर्षभर तरी जपून ठेवायला हवं, ते माहिती अधिकारात मागायचं की प्राधिकरणालाच मागवायला सांगायचं? गालाचे फोटो आणि सरकारी दवाखान्याचा कागद आहे. सगळेच पोलीस असे नसतात हो, आमच्या बीटचे हवालदार तर रात्री-अपरात्री धावून येतात. पण भाऊ म्हणतो बाईक गेली तर गेली, मी परत तिथली पायरी चढणार नाही, आणि मला तेच जास्त लागलंय. प्लीज कुणाला अनुभव असेल तर सांगा.