मदत हवी आहे: टेक्स्ट गेममधलं चोरून ऐकणं सुधारायचंय

मंडळी, आम्ही काही सोलापूरकर मराठीतून एक टेक्स्ट रोलप्ले गेम चालवतो. एव्हेनियावर, म्हणजे टेक्स्ट गेम बनवायच्या पायथॉनमधल्या तयार साच्यावर. काळ १९३० चा, मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला त्याच्या आगेमागे. खऱ्या माणसांना, चार हुतात्म्यांना तर मुळीच, पात्र करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. गिरणीवाले, मागवाले, खबरे सगळे कल्पनेतले.

अशा गेमचा जीव कुजबुजीत. आमच्याकडे तीच मेलीय.

सध्या 'कान लाव' टाकलं की फासा पडतो. लागला तर शेजारच्या खोलीतलं अख्खं वाक्य ऐकू येतं, नाही तर काहीच नाही. दोघं पठ्ठे चाळीच्या बोळात पात्राचा कान लावून ठेवतात, स्वतः ऑफिसला जातात आणि संध्याकाळी येऊन लॉग वाचतात. परवा पत्रकं वाटायचा बेत शिजला तो थेट व्हॉट्सअ‍ॅपवर. मग मी माडीवरची खोली लिहिली, जिना करकरता ठेवला, तो कुणासाठी की ओ?

मला तुटक ऐकू यायला हवंय. हातमाग चालू असताना कुजबूज दोन हातांवरही विरावी, दुपारी जेवायला माग थांबले की तीच भिंतीपलीकडे जावी. तेलुगू न येणाऱ्याला पद्मशाली घरातलं बोलणं नुसतं सुरासारखं ऐकू येतं, एवढं जमलंय.

घोडं अडलंय देवनागरीपाशी. एव्हेनियात कुजबूज पुसट करणारं तयार फंक्शन आहे, पण ते इंग्रजी स्वर-व्यंजनांवर बेतलेलं. म्हणून स्वतःचं लिहिलं, शब्द पकडायला रेजेक्समधली (मजकुरात नमुने शोधायची भाषा) 'कुठलंही अक्षर' ही खूण, बॅकस्लॅश डब्ल्यू, वापरून. 'कुजबूज'चे तीन तुकडे झाले: 'क', 'जब', 'ज'. उरलेले उकार स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलांना लटकत होते! काय करू? आणि आतल्यांना चाहूल कधी लागावी?

धोटा:
पायथॉनचं नेहमीचं रेजेक्स काना-मात्रेला अक्षर मानतच नाही, तुझी चूक नाही. व्यंजन, त्याला हलन्तानं जोडलेली व्यंजनं, पुढची मात्रा, अनुस्वार, हे सगळं मिळून एक नग धर. हलन्तानंतर तोडलंस तर 'रात्री'चं 'रात्' आणि 'री' होईल. मग काही शब्द पूर्ण जाऊ दे, काहींचे सुरुवातीचे नग गाळ. 'शनिवारी'चं '…वारी' उरतं. वार कुठला, की पंढरीची वारी? ऐकणारा मंगळवारी जाऊन उभा राहिला की तुझं काम झालं.

चाहुलीचं म्हणशील तर दर वाक्याला कमांड पुन्हा टाकायला लाव, आणि दर खेपेला पकडलं जायचा धोका वाढव. आत फक्त 'जिना करकरला' दिसू दे, नाव नको. तुझे ऑफिसवाले आपोआप गळतील.

धागाकर्ता:
बसवलं बे! 'रात्री' शाबूत आहे. पण पहिल्याच चाचणीत आत कुणीतरी म्हणालं, 'पैसे उद्या.' बोळातल्या खबऱ्याला ऐकू आलं 'पैसे …द्या'. त्याला वाटलं आपल्यालाच म्हणतायत, आणि तो दार ठोठावून आत गेला. हा बग दुरुस्त करावासा वाटेना झालाय.